छत्तीस गुणांचा कॉम्प्युटर

हजरतगंजमधल्या कॉम्प्युटरच्या एका दुकानात, काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून, पासष्टीची एक बाई दुकानदाराला सांगते, "भैया, इसकी पत्रिका दिखाइए." इसकी म्हणजे रॅमची. दुकानदार हसत नाही, वाद घालत नाही, मुकाट्याने खोका पुढे करतो. बाई कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात, खोक्यावरची मुंगीएवढी अक्षरं वाचतात, पिशवीतून वही काढून दोन आकडे टिपतात आणि खोका परत सरकवतात. "गुण नहीं जुळते. दूसरा स्थळ दिखाइए."

आणि तो दाखवतो हो! अस्सल लखनवी माणूस, मराठीचा गंध नाही, पण स्थळ म्हणजे काय हे त्याला आता तोंडपाठ झालंय.

या आमच्या कुमुदकाकू इंगळे. मूळच्या अकोल्याच्या. काका सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि इथे लखनौला तेलीबागेत घर बांधून राहिले. मी कोल्हापूरची. नवऱ्याच्या बँकेने चार वर्षांपूर्वी आम्हाला इथे आणून टाकलं आणि आम्ही जवळच्याच वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत भाड्याने राहू लागलो. आल्यावर आठवड्याभरात तेलीबागेच्या बाजारात एका ई-रिक्षाचं चाक माझ्या पायावरून गेलं. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "आई गं!" रिक्षावाला पळाला, पण पलीकडे भेंडी निवडणारी एक बाई भेंडी टाकून धावत आली. म्हटलं, किती मायाळू! बाईंनी माझ्या पायाकडे बघितलंसुद्धा नाही. डोळे चमकवत म्हणाल्या, "बाप्पा! मराठी? कोणतं गाव?" माझा पाय टम्म सुजेपर्यंत त्यांनी माझं माहेर, सासर, गोत्र आणि घरात लग्नाचं कोण आहे, सगळं काढून घेतलं. मग बर्फ मागवला.

सवयच ती. त्याआधी वीस वर्षं काकू लग्नं जुळवत. इकडे लखनौ, कानपूर, बरेलीकडे विखुरलेली मराठी घरं, कुणी फौजेत, कुणी बँकेत. पोरांसाठी स्थळं शोधायची कुठे? काकूंच्या वहीत. फुकट आणि हौसेने त्यांनी चाळीस लग्नं जुळवली. मी इथे आले त्याच्या वर्षभर आधी मात्र त्यांनी ते काम एकाएकी बंद केलं. का, विचारलं की एकच उत्तर. "माणसं पत्रिकेत खोटं लिहितात गं. पार्ट खोटं बोलत नाही."

पार्टांकडे त्या वळल्या त्या निव्वळ रागाने. काकांच्या जुन्या कॉम्प्युटरसाठी कुणीतरी भलतीच रॅम गळ्यात मारली. ती खाचेत बसेना. काकूंना स्वतःचाच अपमान झाल्यासारखं वाटलं. "चाळीस लग्नं जुळवलेल्या बाईला हा न जुळणारं स्थळ देतो?" पेटल्याच त्या! सहा महिने मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून कॉम्प्युटर जोडायचे व्हिडिओ बघितले. काकांना त्या सहा महिन्यांत तीनदा करपलेलं वरण मिळालं आणि त्यांनी ते शिस्तीत खाल्लं. मग काकूंनी लग्नाची वही उलटी केली आणि मागच्या पानापासून नवा संसार मांडला. आज तेलीबागेत निम्म्या पोरांचे कॉम्प्युटर काकूंनी जुळवलेले आहेत.

त्यांची भाषा एकदा कळली की सगळं सोपं होतं. सगळे पार्ट ज्यावर बसतात तो बोर्ड म्हणजे सासर. प्रोसेसर म्हणजे नवरी. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ती खाच म्हणजे नाडी. "माणसांत एकनाड चालत नाही, इथे एकनाडच लागते. नाडी वेगळी निघाली की पुढचं बघायचंच नाही, चहा पिऊन उठायचं." प्रोसेसर फार तापणारा असला की त्याला मंगळ. मंगळ असला की पंखा मोठा हवा. वीज पुरवणारा डबा म्हणजे सासरा, आणि सासरा कमावता हवा. "स्वस्तातला सासरा घेऊ नका. तो स्वतः जातो आणि जाताना घर घेऊन जातो."

एकदा मी चेष्टेने विचारलं, "काकू, तुमचे आणि काकांचे किती जुळले होते?"

"साडेअठरा. अठराला पास असतं. वरचा अर्धा कशाचा ते अजून शोधतेय."

पेपरामागून काका म्हणाले, "करपलेल्या वरणाचा."

तर या काकूंकडे या उन्हाळ्यात माझी लेक इरा गेली. बारावी झालेली, अठरा वर्षांची, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतून. तिला एका डिझाइन कॉलेजात ॲनिमेशन शिकायला जायचं होतं आणि प्रवेशासाठी स्वतः बनवलेली दोन मिनिटांची फिल्म पाठवायची होती. फिल्म काय, तर पतंगांना घाबरणारं एक कबूतर. चित्रं झकास काढली होती पोरीने! पण घरातला लॅपटॉप असा, की कबुतराने एक पंख हलवेपर्यंत आमचा स्वयंपाक व्हायचा, आणि दुसरा हलवेपर्यंत लॅपटॉपच बंद पडायचा. हाताशी वीस दिवस. त्या कामाचा तयार कॉम्प्युटर आमच्या आवाक्याबाहेर. नवरा म्हणाला, "पंचेचाळीस हजार. त्यात बसवा." बसवणार कोण? काकू!

काकू वही उघडून आमच्या सोफ्यावर बसल्या. "हं. मुलीची अपेक्षा सांग."

"आजी, बस स्पीड चाहिए. और हैंग न हो."

काकूंनी लिहिलं, अपेक्षा: चपळ, मध्येच रुसणारा नको. मी हसून लोळले. काकू हसल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीने ही पोरीच्या आयुष्याची गोष्ट होती, आणि खरं म्हणजे होतीच.

मग जी धामधूम सुरू झाली, काय सांगू तुम्हाला! साडीवर पांढरे स्पोर्ट्स शूज, खांद्याला पिशवी, पिशवीत वही आणि शिवणकामाची टेप, अशा काकू पुढे, आणि मी न् इरा मागे. पाच चकरा झाल्या हजरतगंजच्या. पहिल्या चकरेत प्रोसेसर मिळाला, नुकताच बाजारात आलेला, बजेटात बसणारा. काकू हरखल्या. "मुलगी नवी आहे, हुशार आहे, आणि मागणी कमी. अशी संधी सोडायची नसते." दुसऱ्या चकरेत बोर्ड, जुन्या स्टॉकमधला म्हणून स्वस्त. नाडी तपासली, एकच. रॅमची पिढी तपासली, जुळली. ग्राफिक्स कार्ड नवं घेणं शक्य नव्हतं, म्हणून वापरलेलं बघायचं ठरलं. काकूंनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं, पंखा बोटाने फिरवला, वास घेतला.

"बिजवर आहे," मला म्हणाल्या. "वाईट काही नाही त्यात. पण आधीच्या घरी काय सोसलंय ते विचारायला पाहिजे." आणि विचारलंच! आधीच्या मालकाचा नंबर घेऊन, त्याला फोन करून, कार्ड का विकलं, दिवसातून किती तास चालायचं, घरात धूळ किती, अशी अर्धा तास चौकशी. पलीकडचा बिचारा शेवटी "जी आंटी, जी आंटी" एवढंच म्हणत होता.

चौथ्या चकरेत घोळ झाला असता. पंखा निवडला, सगळं जिच्यात बसवायचं ती पेटी निवडली, पैसे देणार, तेवढ्यात काकूंनी टेप काढली. पंखा पेटीपेक्षा बोटभर उंच! "नवरदेव उंच आणि मांडव बुटका. टोपी कुठे ठेवायची?" दुकानात एकच हशा. दुकानदार रस्तोगी भैयांनी कानाला हात लावला आणि दुसरी पेटी काढली. तिला लाल-निळे दिवे होते. इराचे डोळे लकाकले. काकू म्हणाल्या, "वरात एक दिवसाची असते, इरा. संसार बघ." बिनदिव्यांची पेटी आली.

पाचव्या चकरेला सगळं जमलं. काकूंनी बेरीज केली, पुन्हा केली आणि भर दुकानात माझ्याकडे वळून ओरडल्या, "छत्तीस! मंजू, छत्तीसपैकी छत्तीस!" चाळीस लग्नांत एकदाही त्यांना छत्तीस मिळाले नव्हते. त्यांनी इराला मिठी मारली, मला मारली आणि रस्तोगी भैयांना मारता मारता थांबल्या.

भैया म्हणाले, "माताजी, एक बार यहीं जोड़कर चालू कर लेते हैं. देख लीजिए, फिर ले जाइए."

आता कुणीही शहाणा माणूस हो म्हणाला असता. काकूंच्या भुवया वर गेल्या. "देखना क्या है? पत्रिका देख ली ना? छत्तीस गुण हैं!" आणि मला मराठीत, "मुहूर्ताआधी एकत्र बसवायचं म्हणतो! काही रीत आहे की नाही?"

मुहूर्त होता रविवारी अकराचा. फिल्म पाठवायला सहा दिवस उरले होते. माझ्या जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर अंथरली. काकूंनी अंगठी, बांगड्या काढून ठेवल्या, हात धुतले आणि कामाला लागल्या. त्यांचं ते काम बघण्यासारखं असतं. एरवी अखंड चालणारं तोंड बंद. प्रोसेसर खाचेत ठेवताना श्वाससुद्धा रोखलेला. दोन तासांत पेटी बंद झाली. काकूंनी बाहेरून एक कुंकवाचं बोट लावलं, आतल्या कशाला लागणार नाही अशा बेताने, आणि इराला म्हणाल्या, "दाब बाळा."

इराने बटण दाबलं. पंखा फिरला. आम्ही टाळ्या वाजवल्या. स्क्रीन काळी. आम्ही वाट बघितली. स्क्रीन काळीच. मग त्यावर एक पाटी आली, सिग्नल नाही, आणि ती पण विझली.

काकूंनी पेटी उघडली. रॅम काढून पुन्हा बसवली. कार्ड काढून बसवलं. सगळ्या वायरी काढून लावल्या. तीनदा. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि आमचं जेवण गार होत होतं. इरा नखं खात होती. झालं, गेली पोरीची ॲडमिशन, असं माझ्या मनात आलं आणि माझी जीभ, ती कोल्हापुरी, सुटलीच. "काकू, एकदा लावून बघितलं असतं तर काय बिघडलं असतं हो? नुसत्या कागदावर विसंबून कशाला राहायचं?"

काकूंनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. खुर्चीत बसल्या. 

"वैशूपण हेच म्हणाली होती," त्या म्हणाल्या.

वैशाली त्यांची मुलगी. पुण्यात नोकरी करते, यापलीकडे चार वर्षांत मला तिच्याबद्दल काही माहीत नव्हतं. मी तरी कधी विचारलं होतं म्हणा.

"एकेचाळिसावं लग्न तिचं. मीच जुळवलं. बत्तीस गुण. ती म्हणत होती, आई, मला त्याला दोन-चारदा भेटू दे, बोलू दे. मी म्हटलं, बत्तीस गुण जुळलेत, भेटून वेगळं काय कळणार आहे? दोन वर्षांनी परत आली गं. मारझोड नाही, व्यसन नाही, मुलगा चांगला, सासर चांगलं. म्हणाली, आई, आम्ही एका घरात दोन परके राहत होतो. आणि मी तिला काय म्हटलं असेल?" काकूंनी चष्मा काढला. "म्हटलं, पत्रिका चुकत नाही. तुलाच जुळवून घेता आलं नाही."



"त्याच आठवड्यात पुण्याला गेली. पाच वर्षं झाली. दर रविवारी फोन येतो. बाबांशी बोलते पंधरा-वीस मिनिटं. मग मला विचारते, तब्येत बरी ना. मी म्हणते बरी. झालं. माणसं खोटं लिहितात म्हणून मी लग्नं जुळवायचं सोडलं नाही, मंजू. मला भीती बसली होती. वाटलं, पार्टांत तरी चुकणार नाही. तर इथेही तेच केलं. या पोरीचंही वाटोळं केलं मी."

मला माझ्या बोलण्याची इतकी लाज वाटली, की मी नुसतीच त्यांचा हात धरून बसले. इराने आतून पाणी आणलं. तिला मराठी सगळं कळतं, हे आम्ही दोघी विसरलो होतो. तिने काकूंसमोर गुडघे टेकले. "आजी, कल दुकान चलते हैं. ले जाकर दिखाते हैं. अभी छह दिन हैं ना."

सोमवारी सकाळी पेटी मांडीवर घेऊन काकू टॅक्सीत बसल्या.  रस्तोगी भैयांनी पेटी उघडली, बोर्डावरची चिठ्ठी वाचली आणि हसले.

"अरे माताजी, बस इतनी सी बात! बोर्ड पुराने स्टॉक का है, प्रोसेसर नया आया है. जब बोर्ड बना, तब ये था ही नहीं. तो पहचाने कैसे? बोर्ड को अपडेट कर देते हैं, पहचान लेगा."

त्यांनी बोर्डाच्या ओळखीतला एक जुना प्रोसेसर तात्पुरता बसवला, पेन ड्राइव्हवरून काहीतरी भरलं, दहा-पंधरा मिनिटं लागली. मग आमचा प्रोसेसर परत जागेवर ठेवला आणि बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन काळी. मी डोळे मिटून अंबाबाईचं नाव घेतलं. आणि इरा किंचाळली! निळा उजेड पडला होता सगळ्यांच्या तोंडावर. दुकानातली अनोळखी गिऱ्हाइकंसुद्धा टाळ्या वाजवायला लागली. इराने तिथेच आपलं कबूतर उघडलं, आणि ते असं झरझर उडालं, की मला रडू फुटलं. फिल्म वेळेत गेली, हे इथेच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको.

काकू मात्र कबुतराकडे बघत नव्हत्या. त्यांनी भैयांना विचारलं, "तो ख़राबी किसमें थी?"

"किसी में नहीं, माताजी."

"प्रोसेसर में?"

"बिलकुल नहीं. दोनों एक नंबर चीज़ हैं. बस पहले मिलवा देना था."

काकूंनी मान हलवली, पिशवी माझ्या हातात दिली आणि तडक बाहेर गेल्या. मी मागोमाग गेले. मे महिन्यातलं लखनौचं ऊन, बारा वाजलेले, कुत्रीसुद्धा सावली सोडायला तयार नव्हती. काकू तशाच फूटपाथच्या मधोमध उभ्या राहून फोन लावत होत्या. त्या फोन कधी कानाला लावत नाहीत. तळहातावर आडवा धरून त्यात ओरडतात, त्यामुळे दोन्हीकडचं सगळं ऐकू येतं.

"काय गं आई? आज सोमवारी? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. तू ऐक आधी. इराचा कॉम्प्युटर मी जुळवला होता. छत्तीस गुण होते. तरी चालू झाला नाही. बोर्ड प्रोसेसरला ओळखतच नव्हता. दुकानदार म्हणतो, दोघांतही काही खोट नाही. जुळवणाऱ्याने आधी नीट ओळख करून द्यायला पाहिजे होती." काकूंचा श्वास लागला होता. "कळतंय का वैशू, मी काय म्हणतेय? तुझ्यात काही खोट नव्हती. तू मला भेटू दे म्हणत होतीस, तेच बरोबर होतं. तुला जुळवून घेता आलं नाही असं मी म्हटलं ना, ते चुकलं माझं. पाच वर्षं झाली, मला सांगता येत नव्हतं."

 एक बस गेली, दोन रिक्षा गेल्या. मला वाटलं फोन कटला. काकूंनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

मग आवाज आला. हळू.

"आई, तू कुठे उभी आहेस? एवढे हॉर्न वाजतायत. उन्हात आहेस का?"

"हो."

"डोक्यावर पदर घे आधी. आणि सावलीत जा. मी फोन ठेवत नाहीये. तू जा, मी आहे."

काकूंनी पदर डोक्यावर घेतला, आणि जन्मात कधी कुणाचं न ऐकलेली ती बाई मुकाट्याने सावलीत जाऊन उभी राहिली.